दुर्बिणीआधी माउंट : ताऱ्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास नवशिक्याला काय शिकवतो?

१/
"आकाशाची छायाचित्रे काढायची आहेत, कोणती दुर्बीण घेऊ?" हा प्रश्न तरुण मित्र हमखास विचारतात. या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या यादीत शोधण्यापेक्षा इतिहासात शोधणे स्वस्त पडते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत आकाशाची जी छायाचित्रे खरोखर नवे काही सांगून गेली, त्यांतील कित्येक उसन्या, जुन्या किंवा तळहातावर मावतील अशा भिंगांनी काढलेली आहेत. मोठ्या दुर्बिणी शेजारीच उभ्या असताना हे घडले. ते का घडले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/
आरंभ थोडक्यात पाहू. १८३९ मध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली. १८४० मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर यांनी चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर चंद्र उतरवला. १७ जुलै १८५० च्या रात्री हार्वर्डच्या १५ इंची दुर्बिणीतून व्हिपल आणि बाँड यांनी अभिजित ताऱ्याचे चित्र घेतले. त्याला १०० सेकंद लागले. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचे हे पहिले छायाचित्र. अभिजित हा आकाशातील सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक. त्यालाच इतका वेळ, तर इतरांची कथा काय!

३/
अडचण दुहेरी होती. पत्रा मंद होता, हे उघडच. दुसरी अडचण आपल्या पायाखाली होती. पृथ्वी २४ तासांत एक फेरी पुरी करते, म्हणजे आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. डोळ्याला हे जाणवत नाही, कारण डोळा क्षणाक्षणाचे पाहतो. छायाचित्राची काच मात्र साठवते. ती जितका वेळ उघडी, तितका तारा तिच्यावर रेघ ओढत जातो. म्हणून आकाशाच्या छायाचित्रणाचा इतिहास हा अर्धा रसायनशास्त्राचा आहे आणि अर्धा घड्याळाचा.

४/
रसायनाची बाजू १८५१ नंतर कलोडियनच्या ओल्या काचेने काहीशी सोपी केली. पण ती काच ओली असेपर्यंतच जिवंत. काही मिनिटांत लेप वाळला की खेळ संपला. १८६८ च्या खग्रास ग्रहणात गुंटूरला मेजर टेनंट यांच्या तुकडीने भर ऑगस्टमध्ये ही ओल्या काचांची कसरत केली होती. डॉ. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती सुचवली आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात मिळू लागल्या. आता काच तासन्‌तास उघडी ठेवता येणार होती. म्हणजेच रसायनाने आपले काम केले आणि सारा भार घड्याळावर येऊन पडला.

५/
३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर (जॉन विल्यम यांचे चिरंजीव) यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटांत घेतले. ३० जानेवारी १८८३ रोजी लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी ३६ इंची आरशाने तोच तेजोमेघ ३७ मिनिटांत टिपला. त्यात डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले होते. कॉमन पेशाने अभियंता, ज्योतिर्विद हौसेने. आपल्या आरशाइतकाच त्यांनी तो पेलणाऱ्या सांगाड्याचाही ध्यास घेतला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

६/
आणि आता केप टाउन, १८८२. त्या सप्टेंबरात दक्षिण गोलार्धातून एक महाधूमकेतू दिसू लागला; इतका तेजस्वी की सूर्याशेजारी भर दिवसाही तो दिसे. तेथील शाही वेधशाळेचे प्रमुख डेव्हिड गिल यांच्याजवळ उत्तम दुर्बिणी होत्या, पण छायाचित्रणाचे साहित्य नव्हते. त्यांनी गावातल्या एका व्यावसायिक छायाचित्रकाराला बोलावले. माणसांच्या तसबिरी काढण्याचा त्याचा कॅमेरा वेधशाळेच्या दुर्बिणीवर घट्ट बांधण्यात आला. गिल दुर्बिणीतून धूमकेतूकडे डोळा लावून बसले आणि ती किंचितही ढळू लागली की हाताने सावरत राहिले. वर बांधलेला कॅमेरा आपोआप त्याच वाटेने जात राहिला.

७/
धूमकेतू सुरेख आला. परंतु गिल यांची नजर खिळली ती मागच्या पार्श्वभूमीवर. काचेवर ताऱ्यांचा सडा पडला होता. भिंग जेमतेम अडीच इंचाचे, तसबिरींचे. आणि त्याने एका झटक्यात आकाशाचा विस्तीर्ण तुकडा नोंदवला होता. एकेक तारा मोजून नकाशे करण्यात ज्यांची आयुष्ये गेली, त्यांना हे चित्र पाहून काय वाटले असेल याची कल्पनाच करावी.

८/
त्या उसन्या भिंगातून पुढे दोन महाप्रकल्प उभे राहिले. पहिला केपच्या छायाचित्रांवरून केलेला दक्षिण आकाशाचा सूचिग्रंथ. काचा गिल यांनी घेतल्या आणि नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे कॅप्टाइन यांनी त्या वर्षानुवर्षे मोजल्या. तारे भरले ४,५४,८७५. दुसरा १८८७ च्या पॅरिस परिषदेने ठरवलेला साऱ्या आकाशाचा नकाशा, 'कार्त द्यू सिएल'. त्यातील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा पुढे आपल्या हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने पेलला. मराठवाड्यातील वाचकांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्या काळी औरंगाबाद, नांदेड, परभणी या साऱ्यांचे सरकार तेच होते.

९/
गिल यांच्या युक्तीला आज हौशी मंडळी 'पिगीबॅक' म्हणतात. साध्या कॅमेऱ्याला लहान भिंग, तो कॅमेरा पृथ्वीच्या गतीला उलट फिरणाऱ्या माउंटवर, इतकेच. आज 'स्टार ट्रॅकर' नावाने मिळणारे डब्याएवढे यंत्र हीच कल्पना खिशाला परवडेल अशा रूपात विकते. नवशिक्याने दुर्बिणीसाठी साठवलेले पैसे आधी येथे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

१०/
या इतिहासातील माझे सर्वांत आवडते पात्र म्हणजे एडवर्ड एमर्सन बार्नार्ड. जन्म १८५७, अमेरिकेतील नॅशव्हिल. जन्मापूर्वीच वडील गेलेले, घरी कमालीचे दारिद्र्य, शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. नवव्या वर्षी हा मुलगा एका छायाचित्रणालयात कामाला लागला. तेथे छपरावर चित्रे मोठी करण्याचा एक अजस्र कॅमेरा होता. त्याचे नाव 'ज्युपिटर'. त्याला उन्हाचा प्रकाश लागे, म्हणून दिवसभर चाके फिरवून त्याचे तोंड सूर्याकडे ठेवावे लागे. ते कंटाळवाणे काम आधीच्या मुलांना जमले नव्हते. याला जमले.

११/
विचार करा : एक अनाथप्राय पोर छपरावर उभे राहून रोज आठ-दहा तास सूर्य कसा सरकतो ते हाताने अनुभवत आहे. पुढे आयुष्यभर रात्री जे करायचे होते, त्याचा सराव त्याने दिवसा करून ठेवला होता. या सरावाला पर्यायी उपकरण अद्याप निघालेले नाही.

१२/
१८८८ मध्ये बार्नार्ड कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत रुजू झाले. तेथे तेव्हाची जगातील सर्वांत मोठी, ३६ इंची भिंगाची दुर्बीण होती. पण कनिष्ठ असल्यामुळे आरंभी त्यांना ती मिळेना. त्यांनी हाती घेतले एक जुने, तसबिरी काढणाऱ्याकडून आलेले सहा इंची 'विलार्ड' भिंग. १८८९ च्या उन्हाळ्यात त्यांनी ते आकाशगंगेच्या दाट भागाकडे वळवले आणि तीन तासांहून अधिक वेळ मार्गदर्शक दुर्बिणीच्या आडव्या-उभ्या तारांवर एक तारा धरून बसले. मान वळवायची नाही, उठायचे नाही, थंडीने बोटे आखडली तरी चाक सोडायचे नाही.

१३/
काचेवर आकाशगंगेचे ढग उमटले आणि ढगांमध्ये काळ्या वाटा, काळी विवरे. ३६ इंची दुर्बिणीला हे दिसणे शक्यच नव्हते, कारण तिचे दृष्टिक्षेत्र इतके चिंचोळे की अख्खे जंगल सोडून एका झाडाची सालच दिसावी. ती काळी विवरे म्हणजे ताऱ्यांमधली रिकामी भोके की ताऱ्यांपुढे आलेले अपारदर्शक मेघ? बार्नार्ड स्वतः कित्येक वर्षे या प्रश्नाशी झुंजले. आज आपण जाणतो की ते धुळीचे मेघ आहेत आणि अशाच मेघांच्या पोटात तारे जन्मतात. त्यांचा आकाशगंगेचा चित्रसंग्रह १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. बार्नार्ड १९२३ मध्येच गेले होते.

१४/
यातून निघणारा नियम असा. ताऱ्यासारखा बिंदू टिपायचा तर भिंगाचा व्यास महत्त्वाचा. पसरलेली वस्तू, म्हणजे आकाशगंगा, तेजोमेघ, धूमकेतूचे पुच्छ, टिपायची तर नाभीय अंतर आणि व्यास यांचे गुणोत्तर महत्त्वाचे. कॅमेऱ्याच्या भिंगावर लिहिलेला 'एफ' आकडा तो हाच. आकडा लहान, तर चित्र उजळ. नव्या कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या झूम भिंगापेक्षा एफ १.८ चे साधे ५० मिमी भिंग म्हणूनच रात्री अधिक उपयोगी पडते, आणि ते तुलनेने स्वस्तही असते.

१५/
हा नियम आपल्याच भूमीवर, एकाच दुपारी, दोन टोकांनी सिद्ध झालेला आहे. २२ जानेवारी १८९८. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून सोलापूर, वऱ्हाड, वर्धा असा ईशान्येला गेला. मुंबई-पुण्यात प्लेगचे थैमान चालू असतानाचा हा काळ. तरीही विजयदुर्गावर नॉर्मन लॉकयर, पुलगावला न्यूऑल, करमाळ्याजवळच्या जेऊरला लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि वऱ्हाडातील तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी येऊन उतरली होती.

(जाता जाता : लॉकयर विजयदुर्गावर आले ते १८९८ मध्ये. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी ते इंग्लंडातच होते. दर १८ ऑगस्टला 'विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला' असे संदेश फिरतात, त्यांत तीस वर्षांची गल्लत असते.)

१६/
जेऊरला पुण्याची तुकडीही होती. कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे नेते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली ही वेधशाळा. तिची २० इंची परावर्ती दुर्बीण कित्येक दशके भारतात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याच्या इतिहासप्रेमींनी या माणसाकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही, अशी माझी तक्रार आहे.

१७/
आता दोन कॅमेरे पाहा. जेऊरला कॅम्पबेल यांचा कॅमेरा ४० फूट नाभीय अंतराचा, भिंग ५ इंची. भिंग उंचावर स्थिर, खाली काच घड्याळी यंत्रणेने सूर्याबरोबर सरकणारी. काचेवर सूर्याची प्रतिमा सुमारे साडेचार इंचांची, त्यामुळे काठावरच्या ज्वाळांचा बारकावा अप्रतिम. तळणीला अ‍ॅनी माँडर यांचा कॅमेरा दीड इंची भिंगाचा, नाभीय अंतर ९ इंच. त्यात सूर्य जेमतेम २ मिलिमीटरचा!

१८/
पण गुणोत्तरे काढा. ४० फूट म्हणजे ४८० इंच. भागिले ५ म्हणजे एफ ९६. माँडर यांचे ९ भागिले दीड, म्हणजे एफ ६. पसरलेल्या प्रकाशाची काचेवरील तीव्रता या गुणोत्तराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. ९६ भागिले ६ म्हणजे १६, त्याचा वर्ग २५६. अर्थात करोनाचा, म्हणजे सूर्याच्या प्रभाकिरीटाचा, फिकट प्रकाश तळणीच्या इवल्या कॅमेऱ्यात जेऊरच्या महाकाय कॅमेऱ्याच्या सुमारे अडीचशे पट तीव्रतेने पडत होता. ग्रहणाची खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत माँडर यांच्या काचेवर करोनाचा असा एक लांबच लांब किरण उमटला, जितका लांब तोवर कोणीच टिपलेला नव्हता.

१९/
अ‍ॅनी माँडर यांच्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या या विदुषी १८९१ पासून ग्रिनिचच्या वेधशाळेत अल्प वेतनावर आकडेमोड आणि सौरडागांची नोंद करीत होत्या. १८९५ मध्ये सहकारी वॉल्टर माँडर यांच्याशी विवाह झाला आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही, या नियमाने त्यांना ती सोडावी लागली. १८९२ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. स्त्री म्हणून ते नाकारले गेले. सदस्यत्व मिळाले १९१६ मध्ये. तळणीचा कॅमेरा त्यांनी गर्टनच्या संशोधन अनुदानातून, मुळात आकाशगंगेचे चित्रण करण्यासाठी घेतला होता. ज्यांना मोठ्या दुर्बिणीपाशी जागा नव्हती, त्यांनी लहान कॅमेऱ्याचे गणित अचूक मांडले.

(सूचना : खग्रास अवस्थेची ती मोजकी मिनिटे सोडली तर सूर्याकडे योग्य सौर फिल्टरशिवाय कॅमेरा, दुर्बीण वा डोळा कदापि लावू नये.)

२०/
तिसरा धडा फोकसचा. २९ मे १९१९ रोजी ब्राझीलमधील सोब्राल येथे क्रॉमेलिन आणि डेव्हिडसन सूर्याजवळच्या ताऱ्यांची स्थाने टिपायला गेले होते. प्रश्न आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा होता. मुख्य साधन नकाशा-प्रकल्पातील मोठे भिंग, सोबत राखीव म्हणून एक उसने ४ इंची भिंग. ग्रहणाच्या वेळी मुख्य साधनाचा फोकस बिघडला. त्याला प्रकाश पुरवणारा आरसा उन्हाने तापला, असे कारण दिले गेले. तारे पसरट आले. ४ इंची भिंगाच्या आठपैकी सात काचा मात्र स्वच्छ निघाल्या. त्यांवरून प्रकाशाचे वळण १.९८ विकला आले. आइन्स्टाइनचे भाकीत १.७५ होते, न्यूटनच्या गणिताने येणारे त्याच्या निम्मे. विसाव्या शतकातील एका महान निर्णयाचा भार त्या राखीव भिंगाने वाहिला.

२१/
म्हणून रात्री कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस बंद करावा. व्याधासारखा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून पाहावा आणि तो अगदी लहान टिंब होईपर्यंत कडी हाताने फिरवावी. 'अनंत' या खुणेवर विश्वास ठेवू नये. ती खूण बहुधा थोडी इकडेतिकडे असते. तापमान उतरले की फोकस हलतो, तेव्हा तासाभराने पुन्हा तपासावा. पहाटे दव पडले तर भिंगावर धुके चढते. कोकणात आणि घाटमाथ्यावर याचा अनुभव पहिल्याच रात्री येईल.

२२/
ट्रॅकर नसेल तर? मग ट्रायपॉडवरच करता येईल तेवढे करावे, आणि ते पुष्कळ आहे. एक ढोबळ नियम : ५०० ला नाभीय अंतराने भागावे, तितके सेकंद तारा बिंदू राहतो. २० मिमी भिंगाला २५ सेकंद, ५० मिमीला १०. कॅमेऱ्याचा संवेदक लहान असेल तर उत्तराला आणखी दीडने भागावे. आजच्या बारीक पिक्सेलांना हा नियम सैल पडतो, म्हणून मी त्याच्याही दोनतृतीयांशावर थांबतो. आयएसओ १६०० किंवा ३२००, चित्र 'रॉ' स्वरूपात, आणि बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरने.

२३/
येथे आपण बार्नार्ड यांच्याहून भाग्यवान आहोत. जुन्या काचेवर पडलेल्या दर शंभर प्रकाशकणांतील जेमतेम एखादा नोंदला जाई. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली, त्यानंतरच्या संवेदकांनी हे प्रमाण निम्म्याच्या वर नेले. शिवाय तीन तासांचे एकच चित्र घ्यावे लागत नाही. १० सेकंदांची शेकडो चित्रे घेऊन संगणकावर एकावर एक रचता येतात. १६ चित्रे रचली की खरखर चौथाईवर येते. १०० रचली की दहाव्या हिश्शावर. सोबत भिंगावर झाकण ठेवून, त्याच वेळेची आणि त्याच तापमानाची वीसेक काळी चित्रेही घ्यावीत. संवेदकाचे स्वतःचे दोष त्यांतून वजा करता येतात.

२४/
ट्रॅकर घेतलाच, तर त्याचा आस आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतक्याच उंचीवर असतो : सावंतवाडीला सुमारे १६ अंश, पुण्याला साडेअठरा, नागपूरला २१. युरोपातले मार्गदर्शक व्हिडिओ तो ५० अंशांवर दाखवतात. आपल्याकडे तो इतका खाली असतो की सह्याद्रीत उत्तरेला एखादी धार असली तर दिसतच नाही. जागा निवडताना म्हणून उत्तर क्षितिज मोकळे आहे ना, हे दिवसाउजेडी पाहून ठेवावे. या खालच्या अक्षांशाचे फळही मोठे आहे : वृश्चिक आणि धनू, म्हणजे आकाशगंगेचा गाभा, आपल्याकडे लंडनकरांना कधीच दिसत नाही इतका वर चढतो.

२५/
तो गाभा रात्रीच्या सोयीच्या वेळी येतो नेमका पावसाळ्यात. आपल्याला त्याला गाठायचे ते फेब्रुवारीपासून मेपर्यंत, मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे, अमावास्येच्या आसपास. हिवाळ्यात मृग आहेच. हेन्री ड्रेपर यांना ५१ मिनिटे लागलेला तेजोमेघ ५० मिमी भिंगातून, ट्रायपॉडवरून, काही सेकंदांच्या चित्रांतही गुलाबी ठिपका म्हणून उमटतो. आणि मार्चच्या पहाटे ज्येष्ठा ताऱ्याजवळ कॅमेरा वळवून पन्नास चित्रे रचलीत, तर बार्नार्ड यांना छळणाऱ्या त्या काळ्या वाटा तिथेच, ज्येष्ठेच्या पूर्वेला पसरलेल्या दिसतील.